इंटरस्टेलर: डोक्यावर घ्यायचा की डोक्यावरून जाऊ द्यायचा?

कोपऱ्यातली_सीट :

(स्पॉयलर भरपूर आहेत. पाहिला नसेल त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर बोंब मारू नका.)

पिक्चर ख्रिस्तोफर नोलनचा, २०१४ चा, म्हणजे आता जुनाच म्हणायचा (उजाड होत चाललेल्या पृथ्वीवरून पायलट कूपर माणसांसाठी दुसरा ग्रह शोधायला जातो आणि मुलगी मर्फ मागे राहते, त्याची गोष्ट), पण अजून कुठेही ‘इंटरस्टेलर’चं नाव निघालं की पाच मिनिटांत दोन तट पडतात आणि दोन्हीकडचे असे तुटून पडतात की मधे बोलायची सोय नाही. आमच्या घरातच बघा ना, तो व्हिडिओ मेसेजचा सीन आला की ताई उठून आत जाते, तिला बघवतच नाही, आणि दाजींचं म्हणणं असं की पावणेतीन तास बसवून ठेवून शेवटी हिरो मुलीच्या पुस्तकांच्या कपाटामागून डोकावतो, ही काय चेष्टा आहे का. मित्रांत एक जण शपथेवर सांगतो की यातलं सगळं विज्ञान खरं आहे, शास्त्रज्ञ बसवून लिहून घेतलंय, दुसरा म्हणतो विज्ञानाच्या नावावर प्रेमाचं प्रवचन झोडलंय.

माझं म्हणाल तर पहिले दोन तास मी जागचा हललो नाही. पाण्याच्या ग्रहावर लांब डोंगर दिसतात आणि ते डोंगर नाहीत हे ज्या क्षणी कळतं तिथे अक्षरशः पाय वर घेतले. ब्लॅकहोलमध्ये उडी मारल्यावर मात्र माझी गाडी रुळावरून घसरली, काय चाललंय ते कळत होतं पण पटत नव्हतं, आणि तरी म्हातारी मर्फ दिसली तेव्हा आवंढा गिळावाच लागला. मग मी नेमका कुठल्या तटात?

तर विचारायचं असं की या एकाच पिक्चरबद्दल लोकांचं एवढं टोकाचं का होतं? आणि जाणकारांनी जरा सांगा, त्या पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं वगैरे खरंच असतं का ती नुसती फेकाफेक?


अर्धवट_इंजिनियर :

फेकाफेक नाही हो. गंमत अशी आहे की या पिक्चरमधल्या ज्या गोष्टी सगळ्यात अचाट वाटतात त्याच जास्त पक्क्या आहेत, आणि ज्या साध्या वाटतात तिथेच घोळ आहे.

गुरुत्वाकर्षण जास्त तिथे घड्याळ हळू चालतं, हे आइन्स्टाइनने सांगितलं आणि पुढे ते मोजूनही झालं. १९७१ मध्ये हाफले आणि कीटिंग या दोघांनी अणुघड्याळं चक्क प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली, खाली ठेवलेल्या घड्याळांशी ताडून पाहिली आणि फरक दिसला. तुमच्या फोनमधलं जीपीएस घ्या. ते उपग्रह वीस हजार किलोमीटरवर फिरतात, तिथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून त्यांचं घड्याळ दिवसाला साधारण ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं, वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, हिशेब जाऊन ३८ पुढे. हा फरक सावरला नाही तर दिवसभरात मॅप तुम्हाला दहाएक किलोमीटर भलतीकडे उभं करेल. तेव्हा वेळ ताणली जाते यात वाद नाही, प्रश्न फक्त किती ताणायची एवढाच.

आणि इथे नोलनने हट्ट धरला. एक तासाला सात वर्षं म्हणजे साधारण ६१ हजार पट. पिक्चरचा विज्ञान सल्लागार किप थॉर्न, हा माणूस आयुष्यभर याच विषयात मुरलेला, त्यालासुद्धा आधी वाटलं की हे अशक्य आहे, मग त्याने बसून गणित केलं आणि निघालं असं की जमतं, पण ब्लॅकहोल स्वतःभोवती जवळजवळ कमाल वेगाने फिरत असला पाहिजे, जवळजवळ म्हणजे कमाल वेगापेक्षा शंभर लाख कोटीत एक भाग एवढाच कमी. निसर्गात असा कुठे सापडेल का, तर कठीणच. पण नियम मोडत नाही. थॉर्नची अटच ती होती की माहीत असलेले नियम मोडायचे नाहीत, आणि जिथे माहीतच नाही तिथली कल्पनासुद्धा विज्ञानातून निघालेली असली पाहिजे.

लाटांचंही तसंच. त्या किलोमीटरभर उंचीच्या लाटा उगाच नाहीत. तो ग्रह ब्लॅकहोलच्या इतका जवळ आहे की त्याची एकच बाजू कायम तिकडे तोंड करून असणार, पण तो किंचित मागेपुढे डुलत असेल तर वरचं पाणी टबात हिंदकळावं तसं हिंदकळणार. आणि ग्रह फाटत कसा नाही असं विचाराल तर गार्गन्चुआ म्हणजे तो ब्लॅकहोल दहा कोटी सूर्यांएवढा आहे म्हणून. ब्लॅकहोल जितका मोठा तितकी त्याच्या काठावरची ओढाताण सौम्य, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे.

त्या ब्लॅकहोलच्या दिसण्याबद्दल तर लिहायलाच हवं. मधे काळं, भोवती चकाकती कडी आणि वरून खालून वळून आलेला प्रकाश, तो डिझायनरने मनाने काढलेला नाही. थॉर्नने समीकरणं दिली, इफेक्टवाल्यांनी त्यावरून नवीन सॉफ्टवेअर लिहिलं, काही फ्रेम तर रेंडर व्हायला शंभर तासांपर्यंत लागल्या म्हणे. जी कडी वर दिसते ती खरं तर ब्लॅकहोलच्या मागची चकती आहे, तिचा प्रकाश वाकून वरून आपल्याकडे येतो म्हणून आपल्याला मागचं पुढे दिसतं. १९७९ साली ज्याँ-पिएर ल्युमिने या फ्रेंच शास्त्रज्ञाने कॉम्प्युटरने आकडे काढून हाताने शाईचे ठिपके देत असंच चित्र काढलं होतं, ते शोधून बघा, अंगावर काटा येतो. मग २०१९ मध्ये एम८७ मधल्या ब्लॅकहोलचा खरा फोटो आला, धूसर नारिंगी कडं, एक बाजू जास्त उजळ. पिक्चरमध्ये तो एका बाजूचा उजळपणा नाही. आपल्याकडे येणारी बाजू जास्त चमकणार हे टीमला माहीत होतं, त्यांनी तसं करूनही पाहिलं होतं, पण पब्लिक गोंधळेल म्हणून नोलनने ते काढून टाकलं. म्हणजे जिथे सत्य वाकवलं तिथे जाणूनबुजून वाकवलं.

लय लांबलं. टेसरॅक्टवर, म्हणजे ब्लॅकहोलमधल्या त्या कपाटामागच्या जागेवर, नंतर बोलू.


शंकासुर :

इंजिनियर साहेब, माहिती एक नंबर, पण तुमच्याच पोस्टमध्ये मूळ प्रश्नाचं उत्तर लपलंय ते बघा. कुठलाही लेझर-बिझर मारामारीवाला अंतराळपट घ्या, त्यात यानं निर्वात पोकळीत घूंऽऽ आवाज करत वळतात, कोणी काही बोलतं का? नाही बोलत, कारण तो पिक्चर तुम्हाला कसलं वचनच देत नाही. याने दिलं. थॉर्न सल्लागार, थॉर्नचं या पिक्चरच्या विज्ञानावर वेगळं पुस्तक, रेंडरिंगमधून पुढे चक्क शोधनिबंध निघाला, हे सगळं ढोल बजावून सांगितल्यावर लोक तिकीट काढून बसणार ते परीक्षक म्हणूनच. परीक्षा तुम्हीच लावलीत, मग मार्क कापले की रडायचं नाही.

आणि कापायला जागा आहे हो. पृथ्वीवरून निघताना यांना भलंमोठं रॉकेट लागतं, टप्पे गळून पडतात वगैरे, आणि पाण्याच्या ग्रहावर, जिथे पिक्चरच सांगतो की गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या १३० टक्के आहे, तिथून ते छोटं यान आपलं आपण भुर्रकन उडतं. का? कारण रॉकेट उडताना भारी दिसतं म्हणून.

पिकांवरचा तो रोग घ्या. मोहिमेचे प्रमुख प्रोफेसर ब्रँड सांगतात की हवेत ८० टक्के नायट्रोजन आहे, रोग त्यावर जगतो, आपण ऑक्सिजनवर, तेव्हा आपण आधी उपाशी मरणार आणि मग गुदमरणार. उपाशी मरणार हे मान्य. पण हवेतला ऑक्सिजनचा साठा एवढा प्रचंड आहे की जगातली सगळी झाडंझुडपं एकदम कुजून गेली तरी त्यात टक्काभरही फरक पडायचा नाही. एका पिढीत गुदमरायचं काही कारण नाही. बरं मका तेवढा शेवटपर्यंत टिकतो, तो का टिकतो तेही कोणी सांगत नाही.

आणि कहर म्हणजे रॉमिली. वर्महोलच्या, म्हणजे अंतराळातल्या आडवाटेच्या बोगद्याच्या, तोंडाशी यान आलंय आणि हा शास्त्रज्ञ कागद दुमडून त्यात पेन खुपसून पायलटला समजावतोय की वर्महोल म्हणजे काय असतं! अरे शनीपर्यंत दोन वर्षांचा प्रवास झाला, त्याआधी निघताना काय बोलत होतात? तो कागद कूपरसाठी नाहीच, आपल्यासाठी आहे, आणि मला तो अपमान वाटला.

तुमच्या दाजींना माझा नमस्कार सांगा. कपाटाबद्दल शंभर टक्के सहमत.


उंबरठ्यावरून :

शंकासुर, रॉकेट आणि नायट्रोजनचं ठीक आहे, पण लोक रडतात ते काय १३० टक्के गुरुत्वाकर्षण बघून रडतात का?

मला वाटतं तट पडतात ते वेगळ्याच जागी. यात मूळ गोष्ट अंतराळाची नाहीच. बाप कामासाठी लांब जातो, जाताना मुलीला परत येईन म्हणतो, कधी ते सांगू शकत नाही, आणि मुलगी रागाने निरोपच देत नाही. एवढीच गोष्ट. निघतानाचा तो सीन आठवा. आधी एकदा मर्फ गाडीत पांघरुणाखाली लपून त्याच्याबरोबर गेलेली असते. आता हा एकटा गाडी चालवतोय, डोळे भरलेत, आणि हात लांब करून शेजारचं ते पांघरूण उचलून बघतो. खाली कोणी नसतं. आणि तेवढ्यात मागे रॉकेटचं काउंटडाउन सुरू होतं, अजून तो धुळीच्या रस्त्यावरच आहे आणि आकडे उलटे पडायला लागलेत. ट्रेनिंग नाही, सूट घालणं नाही, काही नाही, घरातून सरळ आकाशात. कोणी म्हणेल हे घाईत उरकलं, मला म्हणायचंय हेच तर बरोबर आहे. ज्याला हे लागलं त्याला पुढचं रॉकेट-बिकेट दिसतच नाही, आणि ज्याला नाही लागलं तो बिचारा पावणेतीन तास चुका मोजत बसतो, दुसरं करणार काय.

पण माझी खरी तक्रार दोन्ही तटांवर आहे. सगळे जण ॲन हॅथवेच्या त्या भाषणाला हसतात. ब्रँड (प्रोफेसरांची मुलगी, यानावरची शास्त्रज्ञ) म्हणते की प्रेम ही आपल्याला अजून न समजलेली काहीतरी गोष्ट असेल, तिच्यावर भरवसा ठेवून, आधी पुढे गेलेल्या एडमंड्सच्या ग्रहावर जाऊ या. कूपर लगेच तिचं वैयक्तिक प्रकरण बाहेर काढतो, तू त्याच्यावर प्रेम करतेस म्हणून म्हणतेस, आपण डेटा बघू. आणि डेटा कोणाचा, तर तसाच आधी गेलेल्या डॉ. मानचा. सगळ्यांत हुशार, सगळ्यांत तर्कशुद्ध, सगळ्यांचा आदर्श, आणि तोच निव्वळ सुटका व्हावी म्हणून खोटे आकडे पाठवतो. शेवटच्या शॉटमध्ये ब्रँड कुठे उभी असते? एडमंड्सच्या ग्रहावर, हेल्मेट काढून, मोकळी हवा घेत. म्हणजे ती बरोबर होती! आणि तिला हसणारा कूपर पुढे कपाटामागे नेमकं तेच करतो, मुलीवरच्या मायेच्या जोरावर निरोप पोचवतो. तीच गोष्ट बाईने बोलली तर भाबडेपणा आणि बाप्याने केली तर क्लायमॅक्स. पिक्चरवर हसण्याआधी पिक्चरने काय केलंय ते तरी नीट बघा.

आणि टॉम? टॉमचं काय? दोन मुलं होती ना कूपरला? शाळेत मार्क कमी म्हणून तू शेतीच कर असं ज्याला सांगून टाकलं, ज्याने ती शेती केली, जो वर्षानुवर्षं न चुकता बापाला मेसेज पाठवत राहिला, लग्न झालं, मूल झालं, ते गेलं, आजोबा गेले, आईशेजारी पुरले, हे सगळं कॅमेऱ्याकडे बघून एकटाच सांगत राहिला. आणि कूपर एवढ्या वर्षांनी उठल्यावर एकदा तरी विचारतो का टॉम कुठेय म्हणून? मला तिथे राग आला, अजून येतो.


कान_उघडे_ठेवा :

तुम्ही सगळे कथेत अडकलात, आमचा प्रॉब्लेम वेगळाच, आम्हाला अर्धे डायलॉग ऐकूच आले नाहीत. मी रिलीजच्या वेळी थिएटरमध्ये पाहिला तेव्हा बाजूचा माणूस दर दहा मिनिटांनी विचारत होता काय म्हणाला काय म्हणाला. प्रोफेसर ब्रँड मरणाच्या दारात आहेत, अख्ख्या पिक्चरमधलं सगळ्यात मोठं खोटं (पृथ्वीवरच्या माणसांना वाचवता येईल हे) कबूल करतायत, आणि ते पुटपुटणं खालून आणि संगीत वरून. मला तो खुलासा घरी सबटायटल लावल्यावर कळला.

तेव्हा यावर एवढी ओरड झाली की नोलनला बोलावं लागलं. त्याचं म्हणणं, हे मुद्दाम आहे, काही ठिकाणी संवादसुद्धा आम्ही साउंड इफेक्टसारखा वापरलाय. आणि कडी म्हणजे पुढच्या वर्षी ऑस्करला पिक्चरला पाच नॉमिनेशन मिळाली त्यात साउंड मिक्सिंगचंही होतं! मिळालं ते फक्त व्हिज्युअल इफेक्टचं.

पण मी शिव्या घालून थांबणार नाही, कारण आवाजाच्या बाबतीत याने जे केलंय ते बाकी कोणी धजत नाही. संगीतकार हान्स झिमरने पाइप ऑर्गन घेतला, लंडनच्या टेम्पल चर्चमधला. ऑर्गन म्हणजे हवेवर वाजणारं वाद्य, आणि हवा नसलेल्या जागेच्या पिक्चरला तो लावायचा, हे सुचायला पण डोकं पाहिजे. झिमरला काम दिलं तेव्हा पिक्चर अंतराळाचा आहे हेच सांगितलं नव्हतं, फक्त बाप आणि मुलाबद्दल एक पानभर मजकूर दिला आणि यावर काय सुचतं ते वाजव म्हणाले. उंबरठ्यावरून जे म्हणतायत त्याला हा पुरावाच समजा.

आणि शांतता! मान दरवाजा उघडतो, भाषण ठोकत असतो, वाक्याच्या मधेच स्फोट, आणि कॅमेरा बाहेर गेला की सगळं गप्प. तुकडे उडतायत आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल. थिएटरमध्ये त्या वेळी पॉपकॉर्न चावणारेसुद्धा थांबले होते. शनीच्या बाजूने यान जातं तो शॉट पण बघा, रॉमिलीला यानाच्या पातळ पत्र्याची भीती वाटत असते, कूपर त्याला हेडफोन देतो, आणि मग एवढ्याशा ठिपक्यासारखं यान शनीसमोरून सरकतं आणि आपल्याला ऐकू येतो पृथ्वीवरचा पाऊस आणि रातकिडे. असला पिक्चर मोबाईलवर इयरफोनशिवाय बघून पकाऊ म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.


जुना_प्रेक्षक :

तटांचं म्हणाल तर यात नवीन काही नाही. १९६८ मध्ये कुब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ आला तेव्हा सुरुवातीच्या खेळांतून लोक उठून गेले होते, चांगले नावाजलेले समीक्षक कंटाळवाणा म्हणाले होते, आणि कुब्रिकने प्रीमियरनंतर साधारण १९ मिनिटं कापली. त्यात पहिला संवाद येतो तोच मुळी पंचवीसेक मिनिटांनी. शेवट तर कोणालाच धड सांगता येत नाही. पण तरुण पोरं परत परत जात राहिली, पिक्चर टिकला, आणि २०२२ मध्ये जगभरच्या दिग्दर्शकांना सर्वोत्तम पिक्चर विचारले तेव्हा हाच पहिला आला. कुब्रिकला आयुष्यात एकच ऑस्कर, तोही याच्या इफेक्टसाठी. योगायोग बघा.

मात्र फरक एक आहे आणि तो मोठा आहे. कुब्रिकने काहीच समजावलं नाही आणि शिव्या खाल्ल्या. नोलनने सगळंच समजावलं आणि तरी खाल्ल्या. टेसरॅक्टमध्ये कूपर आणि टार्स हा रोबो यांचं बोलणं ऐका, प्रत्येक गोष्ट तोंडाने सांगतात. हे कोणी बांधलं, का बांधलं, मर्फच कशी निवडली, निरोप घड्याळातून कसा जाणार. ते न बोलता नुसतं दाखवलं असतं, तो कपाटामागे, ती लहान मुलगी पुढे, हा ओरडतोय आणि तिला फक्त पुस्तक पडलेलं दिसतंय, तर माझी खात्री आहे की निम्म्या लोकांची तक्रारच राहिली नसती. गूढ सहन होतं लोकांना, गूढाचं स्पष्टीकरण अर्धवट दिलं की मग मात्र डोकं फिरतं.

सुरुवातीला ते म्हातारे लोक धुळीच्या आठवणी सांगतात ना, जेवताना ताटं उपडी ठेवायचो वगैरे, त्यातली मर्फ झालेली नटी सोडली तर बाकीची माणसं खरी आहेत. १९३० च्या दशकात अमेरिकेत मैदानी भागात जी धुळीची वादळं झाली त्यातून गेलेले लोक, त्यांच्या मुलाखती एका माहितीपटातून घेतल्यात. मला हे कळल्यावर पिक्चरचा पहिला अर्धा तास जास्त आवडायला लागला. तिथे कोणी काही समजावत नाही. शाळेतल्या बाई सांगतात की चंद्रावर माणूस गेलाच नव्हता, तो रशियाला कंगाल करायचा डाव होता, पुस्तकात तसं छापलंय. दोन मिनिटांचा सीन, पण त्या जगाचं काय झालंय ते सगळं त्यात येतं.


कोपऱ्यातली_सीट :

बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. उंबरठ्यावरून यांचं ब्रँडबद्दलचं वाचून ताईला दाखवलं, ती म्हणाली हे मी कधीपासून सांगतेय पण या घरात ऐकतं कोण. दाजी अजून कपाटावरच अडलेत. त्यांचा नवीन प्रश्न असा की भविष्यातल्या माणसांनी वर्महोल ठेवला म्हणून माणसं वाचली, आणि माणसं वाचली म्हणून ती भविष्यात वर्महोल ठेवायला उरली, मग पहिल्यांदा ठेवला कोणी? इंजिनियर, आहे का उत्तर?


अर्धवट_इंजिनियर :

दाजींना सांगा की “पहिल्यांदा” असं काही नसतंच त्या कथेत. भूतकाळ बदलला जात नाही, जे झालं ते आधीपासून तसंच होतं, चक्र बंद आहे. कूपर स्वतःला थांबवायला ‘स्टे’ असा निरोप पाठवतो आणि तो थांबत नाहीच, कारण तो थांबला नव्हता. गणिताच्या दृष्टीने असं बंद चक्र स्वतःशी सुसंगत असू शकतं. मन मानत नाही हे खरं, पण मन न मानणं हा काही भौतिकशास्त्राचा आक्षेप नाही. ब्लॅकहोलच्या आत काय आहे हे कोणालाच माहीत नाही तेव्हा तिथे नोलनला मोकळं रान होतं आणि त्याने ते वापरलं. बाय द वे, पिक्चर आल्यावर वर्षाच्या आत, सप्टेंबर २०१५ मध्ये, गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा पकडल्या गेल्या आणि त्या कामासाठी २०१७ चं नोबेल मिळालेल्या तिघांत हाच किप थॉर्न आहे. तेव्हा सल्लागार नुसता पोस्टरवर नावाला नव्हता.


शंकासुर :

नोबेल मान्य, दंडवत. मग ते डॉकिंग सांगा. यान मिनिटाला ६८ फेऱ्या घेतंय, त्याला हे जाऊन जोडतात. मी गणित मांडलं. यानाची त्रिज्या ३० मीटर धरली तर त्या वेगाला कडेला दीडशे जीच्या, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या दीडशे पटीच्या, वर जातं, यान त्याआधीच चिंध्या होऊन उडायला हवं, अर्धी कडी तर आधीच फुटलेली आहे.


अर्धवट_इंजिनियर :

कडेला, बरोबर. पण ते जोडतात मधोमध, अक्षावर. तिथून दोन मीटरवर डोकं असेल तर साधारण १० जी. माणूस थोडा वेळ तग धरेल नाहीतर बेशुद्ध पडेल, आणि ब्रँड बेशुद्ध पडतेच की. कूपर पायलट आहे. कडा तुटायला हव्या होत्या हे मात्र तुमचं खरं, तिथे माझ्याकडे उत्तर नाही, फक्त ऑर्गन आहे.


कान_उघडे_ठेवा :

ऑर्गन पुरेसा आहे.


उंबरठ्यावरून :

तुमच्या फेऱ्या मोजून झाल्या असतील तर टॉमबद्दल कोणीतरी बोला. एवढे प्रतिसाद झाले, कपाटावर सगळे बोलले, पोराचं नाव कोणी घेतलं नाही.


जुना_प्रेक्षक :

मी घेतो. सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये मर्फ हा मुलगा होता, नंतर नोलनने त्याची मुलगी केली. माझा असा अंदाज आहे की मुलीवर सगळी माया गेल्यावर टॉमकडे फक्त शेत आणि हट्ट उरला. पण त्याला लिहिलंय कमी आणि वागवलंय वाईट हे तुमचं अगदी मान्य. शेवटी इस्पितळात म्हाताऱ्या मर्फभोवती एवढी नातवंडं-पतवंडं उभी असतात, त्यातलं एखादं टॉमचं असेल असं म्हणावं तर कूपर त्यांच्याकडेही धड बघत नाही.


उंबरठ्यावरून :

नाहीच बघत. आणि ती पण त्याला दोन मिनिटांत ब्रँडकडे जा म्हणून पिटाळते. एवढ्या वर्षांनी बाप आला आणि दोन मिनिटं! शंकासुर, याचे मार्क कापा, मी तुमच्या बाजूने आहे.


शंकासुर :

कापले. पाच.